शेजारच्या वर्गात कुणीच नसतं तेव्हा: नव्या विशेष शिक्षकांसाठी ऑनलाइन मेंटॉरिंग

नव्या गणित शिक्षकाचं अपूर्णांकांच्या धड्याला अडलं, तर तो मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये विचारतो. तोच धडा पंधरा वर्षं शिकवलेलं कुणीतरी समोरच्याच खुर्चीत वह्या तपासत बसलेलं असतं. दोन वाक्यांत युक्ती मिळते, घंटा होते, विषय संपतो. याला कुणी मार्गदर्शन कार्यक्रम वगैरे म्हणत नाही, पण नवा माणूस पहिल्या वर्षी तरतो तो बऱ्याच अंशी अशा दोन वाक्यांवरच.

विशेष शिक्षकाच्या वाट्याला ही समोरची खुर्ची येत नाही. शाळेत चाळीस शिक्षक असतील, पण स्वमग्न मुलाला, न बोलणाऱ्या मुलीला किंवा वाचनाशी रोज झगडणाऱ्या मुलाला शिकवायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस बहुधा एकच. सहकारी चांगले असतात, चौकशी करतात, 'तुमचं काम म्हणजे फार संयमाचं हो' असंही म्हणतात. (हे वाक्य ऐकून ऐकून विशेष शिक्षकांचे कान किटलेले असतात.) पण मुलगा डोकं भिंतीवर आपटू लागला की आधी काय करायचं, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नसतं. मुख्याध्यापकांनाही नसतं.

ऑनलाइन मेंटॉरिंगची सुरुवात या रिकाम्या खुर्चीपासून होते. त्याच प्रकारच्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला शिक्षक त्या इमारतीत नाही, कदाचित त्या जिल्ह्यातही नाही; पण कुठेतरी आहे. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून त्याला नव्या शिक्षकाच्या हाताशी आणून ठेवायचं, एवढीच मूळ कल्पना. ऐकायला सोपी वाटते, आणि म्हणूनच ती घाईघाईने राबवून वाया घालवणंही सोपं आहे.

नोकरी सोडावीशी का वाटते

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मुलं सांभाळणं अवघड म्हणून हे शिक्षक सोडून जातात. सोडून गेलेल्यांना विचारलं तर ते बहुधा मुलांचं नाव आधी घेत नाहीत. नाव निघतं ते कागदांचं, कामाच्या ढिगाचं आणि 'माझं काम नक्की काय' या गोंधळाचं.

कागद म्हणजे मुख्यतः आयईपी, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. अमेरिकेत १९७५ साली एक कायदा झाला. प्रत्येक दिव्यांग मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि त्याला साजेसं शिक्षण मिळालंच पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी आराखडा हवा, असं त्यात आलं. हाच कायदा १९९० पासून आयडीईए, म्हणजे दिव्यांग व्यक्तींच्या शिक्षणाचा कायदा, या नावाने ओळखला जातो. पुढे १९९४ चा स्पेनमधल्या सालामांका शहरातला जाहीरनामा आणि २००६ चा दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार यांनी सर्वसमावेशक शिक्षणाचा आग्रह जगभर नेला. मुलांच्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल होतं. पण एका मुलामागे एक आराखडा म्हटला की बारा मुलांमागे बारा आराखडे आले. प्रत्येकात मोजता येतील अशी उद्दिष्टं, पालकांशी बैठक, प्रगतीच्या नोंदी आणि फेरतपासणी आली. प्रशिक्षणात नमुन्यादाखल दोन-तीन आराखडे लिहिलेल्या माणसापुढे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात असा गठ्ठा येतो.

शिवाय त्या माणसाने एकाच दिवसात किती भूमिका करायच्या? शिक्षक, समुपदेशक, पालकांचा आधार, मदतनीस मावशींचा वरिष्ठ, नेहमीच्या वर्गातल्या शिक्षकाचा सहकारी. वर एखादा वर्गशिक्षक रजेवर असला की 'तुमच्याकडे मुलं कमीच असतात ना' म्हणून बदलीचा तास.

क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामाच्या थकव्याचं, म्हणजे बर्नआउटचं, मोजमाप मांडलं. त्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक दमणूक, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. विशेष शिक्षकाला तिसरी गोष्ट लवकर गाठू शकते. इथे प्रगती इतकी हळू होते की रोज बघणाऱ्याला ती दिसतच नाही. बुटाचा पट्टा स्वतः लावायला एखाद्या मुलाला पाच महिने लागतात. सहाव्या महिन्यात तो लावतो तेव्हा शिक्षिका दुसऱ्याच कशात गुंतलेली असते.

आणि ती निघून गेली तर? नेहमीच्या वर्गातलं मूल नव्या बाईंशी आठवड्यात जुळवून घेतं. ज्या मुलाला एका माणसाच्या आवाजाची, वासाची, उभं राहण्याच्या पद्धतीची सवय व्हायलाच चार महिने लागले, त्याचं गाडं पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. इथे शिक्षक टिकणं हा मुलाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

मेंटॉर म्हणजे कोण, आणि कोण नव्हे

मेंटॉरला मराठीत मार्गदर्शक म्हणता येईल, पण त्या शब्दाला भाषणाचा वास येतो. मेंटॉर समोर उभा राहून सांगत नाही. बाजूला बसून बघतो. कॅथी क्रॅम या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात मेंटॉरच्या कामाचे दोन भाग सांगितले होते. एक, कामात पुढे जायला मदत: कसब शिकवणं, ओळखी करून देणं, खाचखळगे दाखवणं. दोन, मनाला आधार: ऐकून घेणं, 'हे माझंही झालं होतं' म्हणणं, माणसावर विश्वास ठेवणं. नव्या विशेष शिक्षकाला दोन्ही एकाच माणसाकडून आणि एकाच संध्याकाळी लागतात.

मेंटॉर साहेब नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं. जो माणूस वर्षअखेरीस तुमच्या कामाचा शेरा लिहिणार, त्याला तुम्ही 'आज मी मुलावर ओरडले' असं कधी सांगणार नाही. आणि जे सांगितलंच जात नाही त्यावर मदत होत नाही. म्हणून मूल्यमापन करणारी व्यक्ती आणि मेंटॉर वेगवेगळ्या हव्यात. इथे ऑनलाइनचा एक अनपेक्षित फायदा होतो. दूरच्या शाळेतला मेंटॉर तुमच्या मुख्याध्यापकांबरोबर चहाला बसत नाही.

दुसरी अट: मेंटॉर त्याच कामातला हवा. थॉमस स्मिथ आणि रिचर्ड इंगरसॉल यांनी अमेरिकेतल्या नव्या शिक्षकांची देशव्यापी आकडेवारी तपासून २००४ मध्ये असं दाखवलं की आपल्याच विषयातला मेंटॉर मिळालेले शिक्षक पहिल्या वर्षानंतर पेशा सोडण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. मेंटॉर दुसऱ्याच विषयातला असला तर तेवढा उपयोग दिसला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. नुसत्या मेंटॉरपेक्षा मेंटॉर, सहकाऱ्यांबरोबर नियोजनाला ठरलेला वेळ आणि बाहेरच्या शिक्षकांशी संपर्क, अशी जोडणी जास्त चालली.

आता 'आपल्याच विषयातला' हे विशेष शिक्षणात किती बारीक होतं बघा. श्रवणदोष असलेल्या मुलांची शिक्षिका आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या किशोरांची शिक्षिका, दोघींच्या नेमणुकीच्या कागदावर 'विशेष शिक्षक' असंच लिहिलेलं असतं. पण एकीचा प्रश्न दुसरीला अर्धाच कळेल. जोडी जमवायची तर अपंगत्वाचा प्रकार, मुलांचं वय आणि वर्गाची रचना तिन्ही बघावं लागतं: स्वतंत्र वर्ग आहे, की मुलं नेहमीच्या वर्गात बसतात. असा माणूस पाच किलोमीटरच्या आत सापडणं म्हणजे लॉटरीच. पाचशे किलोमीटरच्या आत नक्की सापडतो. ऑनलाइन मार्ग लागतो तो यासाठी. पैसे वाचतात ही नंतरची गोष्ट. अमेरिकेत विज्ञान शिक्षकांसाठी २००२ मध्ये सुरू झालेला ई-मेंटॉरिंगचा एक मोठा उपक्रम पुढे विशेष शिक्षकांकडेही वळला, तो याच गरजेपोटी.

एक आठवडा, जवळून

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं? समजा एक शिक्षिका आहे, नोकरीचा सातवा आठवडा. वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा, मोजकेच शब्द बोलणारा. रात्री पावणेदहाला ती मेंटॉरला मेसेज करते:

'ताई, आज परत चावला. मावशींच्या मनगटावर वळ उठलेत. मला नाही वाटत मला हे जमेल.'

उत्तर येतं: 'मनगट धुऊन औषध लावलं ना? आधी ते. मग सांग, चावायच्या आधीच्या दोन मिनिटांत काय चाललं होतं?'

'काहीच नाही. अचानक.'

'अचानक कधीच नसतं गं. आपल्याला दिसलेलं नसतं, एवढंच. आठवडाभर काही बदलू नकोस, फक्त लिही. चार रकाने कर. वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. चौथा रकाना सोडू नकोस, सगळे तोच सोडतात.'

या चार रकान्यांमागे मोठं शास्त्र आहे. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. वरून एकसारखं दिसणारं वर्तन वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणासाठी घडतं, हे त्यांनी दाखवलं. कुणाला लक्ष हवं असतं, कुणाला समोरचं काम टाळायचं असतं, कुणाला त्या कृतीतूनच काही संवेदना मिळत असते. कुणाला एखादी वस्तू हवी असते, हेही विशेष शिक्षणात नेहमी तपासतात. कारण न शोधता उपाय केला तर तो उलटा पडू शकतो.

आठवड्याने तक्ता येतो. सहा नोंदी. पाच वेळा 'आधी काय' या रकान्यात वही-पेन्सिल आहे. सहावी वेगळीच, परिपाठाला कर्णा मोठ्याने वाजला तेव्हाची. ती तूर्त बाजूला. आणि चौथ्या रकान्यात पाचही वेळा तेच: 'शांत व्हायला बाहेर व्हरांड्यात नेलं.'

मेंटॉरला बहुधा पहिल्याच रात्री अंदाज आला होता. तरी ती बोलली नाही. ती फक्त विचारते, 'चौथा रकाना वरून खाली सलग वाच. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याला काय मिळतंय?'

थोड्या वेळाने उत्तर येतं: 'अरे देवा. लिहायला लागू नये म्हणून चावतोय. आणि मी दर वेळी त्याला सुट्टी देतेय.'

उत्तर आयतं दिलं असतं तर एक आठवडा वाचला असता, हे खरंच. पण मग पुढच्या मुलाच्या वेळी पुन्हा पावणेदहाचा मेसेज आला असता. (अपवाद एकच: कुणाच्या जिवाला धोका असेल तर प्रश्नोत्तरं बंद, सरळ सांगायचं.)

उपायही दोघी मिळून ठरवतात. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलेली वाट अशी: त्रासदायक वर्तनातून मूल जे मागतंय, तेच मागायची सोपी आणि चालणारी पद्धत त्याला शिकवा. म्हणजे इथे 'थांबूया' असं चित्र असलेलं एक कार्ड. कार्ड हातात दिलं की लगेच दोन मिनिटं सुट्टी, सुरुवातीला प्रत्येक वेळी. चावला तर मावशींनी हात अलगद बाजूला घ्यायचा. काम छोटं करायचं, एकच रेघ; पण कार्ड दिलं नाही तर ती रेघ झाल्यावरच उठायचं, चावून सुट्टी मिळणार नाही.

मग मेंटॉर एक वाक्य लिहिते, आणि माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच: 'पहिले तीन-चार दिवस चावणं कदाचित वाढेल. जुना रस्ता बंद झाला की मूल दार जोरात ठोठावून बघतं. घाबरून सोडू नकोस, मला रोज कळव.'

पुस्तकात ही सूचना असते. पण तिसऱ्या दिवशी चावणं वाढलेलं असताना, मुख्याध्यापक दारात उभे असताना, पुस्तक उघडून कुणी बघत नाही. त्या क्षणी फोनमध्ये कालचा मेसेज असणं वेगळं.

लिहिलेलं, पाहिलेलं, कानात सांगितलेलं

वरचं सगळं मेसेजवर झालं, व्हिडिओ कॉलवर नाही. ऑनलाइन मेंटॉरिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झूमची खिडकी येते, पण रोजचं काम बहुतेक सवडीने लिहिलेल्या मेसेजवर चालतं. शिक्षिका रात्री लिहिते, मेंटॉर सकाळी वाचते. लिहिताना राग थोडा निवतो आणि घटना क्रमाने मांडावी लागते. शिवाय लिहिलेलं उरतं. सहा महिन्यांनी मेंटॉर पहिल्या आठवड्यातला मेसेज काढून दाखवू शकते: 'तू तेव्हा लिहिलं होतंस, मुलगा खुर्चीवर दहा सेकंद बसत नाही. आज काय परिस्थिती आहे?' मघाशी म्हटलं ना, प्रगती रोज बघणाऱ्याला दिसत नाही. जुना मेसेज ती दाखवतो.

आराखड्यांचं कामही लेखीच बरं. सामायिक फाइलमध्ये नवी शिक्षिका लिहिते, 'मुलाचं संवादकौशल्य सुधारेल.' मेंटॉर समासात विचारते, 'सुधारलं हे कुणाला, कधी, कसं कळणार?' दोन-तीन फेऱ्यांनंतर वाक्य होतं: 'आवडीची वस्तू दिसत असताना, १० पैकी ८ वेळा, कुणी न सुचवता, चित्र देऊन मागेल, सलग ३ दिवस.' असे चार आराखडे समासातल्या प्रश्नांसकट झाले की पाचव्याला बहुतेक हात लावावा लागत नाही. पहिल्या वर्षातले कितीतरी रविवार यातून वाचतात.

व्हिडिओचा खरा उपयोग गप्पांपेक्षा वर्ग बघायला होतो. पाच मिनिटांचं चित्रीकरण पाठवायचं, मेंटॉर ते थांबवत थांबवत टिपणं लिहिते. स्वतःला असं बघणं सुरुवातीला नकोसं वाटतं. पण 'मी प्रश्न विचारून उत्तराला दोन सेकंदही थांबत नाही' हे दुसऱ्याने सांगून पटत नाही, दिसल्यावर पटतं.

याहून एक पायरी पुढची पद्धत आहे, कानातलं मार्गदर्शन. शिक्षिकेच्या कानात इअरफोन, वर्गात कॅमेरा, आणि दूर बसलेला मेंटॉर तास चालू असतानाच दोन-चार शब्द बोलतो: 'थांब... आता शाबासकी दे... डावीकडे बघ.' मानसोपचाराच्या प्रशिक्षणात १९५२ मध्ये अशा 'यांत्रिक तिसऱ्या कानाचं' वर्णन छापून आलं होतं. मार्शा रॉक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये इंटरनेटच्या आधारे हीच पद्धत प्रशिक्षणार्थी विशेष शिक्षकांवर वापरली आणि त्यांच्या शिकवण्यात, मुलांना शाबासकी देण्यात फरक पडलेला दिसला. ऐकून धडकी भरते खरी. पण वाक्यं छोटी ठेवली आणि कधी बोलायचं हे आधी ठरवलं, तर सवय लवकर होते. चूक घडून गेल्यावर संध्याकाळी कळण्यापेक्षा घडायच्या आत कळते, हा लाभ मोठा.

आणि गट. एकास एक जोडीची भुरळ सगळ्यांना पडते, पण गटाची ताकद कमी लेखली जाते. याचं उत्तम उदाहरण शाळेतलं नाही, दवाखान्यातलं आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यकृतविकारतज्ज्ञ होते. हेपटायटिस सीच्या रुग्णांना त्यांची भेट मिळायला आठ महिने लागत. २००३ मध्ये त्यांनी प्रोजेक्ट एको सुरू केला. दर आठवड्याला गावोगावचे साधे डॉक्टर व्हिडिओवर जमायचे, एकेकाने आपला एक रुग्ण नाव न सांगता मांडायचा, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर मिळून विचार करायचे. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू गेला होता, गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. म्हणजे फरक नाहीच. ही पद्धत पुढे शिक्षणातही आली. एक शिक्षिका एक मूल मांडते, पंधरा जणी ऐकतात, आणि त्यांतल्या निदान चौघींच्या वर्गात तसंच एक मूल असतं. मेंटॉरने 'हे सगळ्यांचं होतं' असं दहादा सांगण्यापेक्षा बरोबरीच्या शिक्षिकेने 'माझ्याकडेही हेच चाललंय' म्हणणं जास्त लागू पडतं.

कुठे बिनसतं

पहिला घोळ वेळेचा. कार्यक्रमाची जुळवाजुळव होईपर्यंत शाळा सुरू होऊन तीन महिने गेलेले असतात. नव्या शिक्षकांबरोबर दीर्घ काळ काम केलेल्या एलेन मॉइर यांनी १९९० मध्ये पहिल्या वर्षाचे टप्पे सांगितले होते: आधी उत्साह, मग कसंबसं तगून राहणं, मग भ्रमनिरास, मग हळूहळू उभारी, शेवटी मागे वळून बघणं. भ्रमनिरास येतो साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. त्याच्या आत मेंटॉरशी ओळख झालेली हवी. बुडताना माणूस ओळखीच्याच हाताला धरतो. अनोळखी मेंटॉरचा 'काही अडचण असल्यास कळवावे' हा मेसेज तेव्हा नुसता वाचून बाजूला पडतो.

'काही अडचण असल्यास' हे वाक्यच मुळात निरुपयोगी. नवीन माणसाला आपली अडचण अडचण म्हणण्याइतकी मोठी आहे का, हेच कळत नसतं. त्यापेक्षा ठरलेल्या वारी ठरलेला एक प्रश्न बरा: 'या आठवड्यात कुठल्या मुलाने तुला झोपू दिलं नाही?'

दुसरा घोळ: मेंटॉरला त्या शाळेची रीत ठाऊक नसते. फॉर्म कुणाच्या टेबलावर द्यायचा, व्हीलचेअरसाठीच्या उताराची दुरुस्ती कुणाला सांगायची, कोणत्या शिक्षकाला आधी विचारलेलं आवडतं, हे दूरवरून कुणी सांगू शकत नाही. म्हणून शाळेतलाच एक जाणता माणूस हवा, मग तो भूगोल का शिकवत असेना. मुलांसाठी दूरचा मेंटॉर, शाळेसाठी जवळचा सोबती. दोघांची कामं एकावर लादली की दोन्ही अर्धवट होतात.

तिसरा, आणि यात चूक झाली तर माफी नाही: मुलांची गोपनीयता. रात्री दमलेल्या मनाने मेसेज लिहिताना मुलाचं नाव, निदान, घरची परिस्थिती सगळं सहज लिहिलं जातं. गटात फोटो टाकला जातो. त्यामुळे पहिल्याच दिवशी नियम ठरवावेत: नाव नाही, आद्याक्षरही नाही, फक्त 'मुलगा १', 'मुलगी ३', पालकांच्या लेखी परवानगीशिवाय चित्रीकरण नाही, पाहून झालं की चित्रीकरण पुसायचं. आणि चित्रात मूल असेल तर ते मूल त्या क्षणी आपल्याला कसं दिसायला आवडेल, याचाही विचार करावा. परवानगी मिळाली म्हणून सगळंच दाखवायचं नसतं.

मेंटॉरचंही पोट आणि घर असतं, हे बरेच कार्यक्रम विसरतात. उत्तम शिक्षक आपोआप उत्तम मेंटॉर होत नाही. उत्तर येत असताना ते न देण्याचं वळण लावून घ्यावं लागतं. त्याला प्रशिक्षण हवं, मानधन हवं, स्वतःच्या शाळेत काही तास मोकळे हवेत. रात्री अकरानंतर उत्तर देणार नाही, हेही त्याने सुरुवातीलाच सांगावं. नाहीतर एकाला टिकवताना दुसरा दमून जायचा.

मग शिक्षक टिकतात का

सरळ 'हो' म्हणून मोकळं होता येत नाही. इंगरसॉल आणि मायकल स्ट्राँग यांनी २०११ मध्ये नव्या शिक्षकांना दिलेल्या आधाराविषयीचे १५ अभ्यास एकत्र तपासले. बहुतेकांत चांगला परिणाम दिसला: टिकण्यावर, शिकवण्यावर, मुलांच्या प्रगतीवर. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी १७ जिल्ह्यांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे अंतिम निकाल आले. चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या शाळांत नव्या शिक्षकांना प्रशिक्षित मेंटॉरचा भरघोस आधार दिला होता. शिक्षक टिकण्यात काही फरक पडला नाही. मात्र दोन वर्षं आधार मिळालेल्यांच्या वर्गातली मुलं तिसऱ्या वर्षी पुढे गेलेली दिसली. हे प्राथमिक शाळांतले शिक्षक होते, आणि मेंटॉर त्यांना प्रत्यक्ष भेटत होते. विशेष शिक्षणाला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी तो डोळ्यांआड करणं बरं नव्हे.

माझं वाचन असं: मेंटॉर एकटेपणा घालवू शकतो, कसब वाढवू शकतो. तो मुलांची संख्या कमी करू शकत नाही, पगार वाढवू शकत नाही, बदलीचे तास थांबवू शकत नाही. आठ मुलांच्या वर्गात सोळा मुलं कोंबायची आणि मग शिक्षिकेला 'ताण कसा हाताळावा' हे ऑनलाइन शिकवायचं, हा तिच्याशी चाललेला खेळ आहे. मेंटॉरिंग स्वस्त पडतं म्हणूनच ते बाकीच्या सुधारणांऐवजी वापरलं जाण्याचा धोका खरा आहे.

एक गोष्ट मात्र मेंटॉरांच्या हातात असते. वेगवेगळ्या शाळांतल्या वीस जणी एकाच महिन्यात एकच तक्रार करत असतील, आराखड्यांना वेळच मिळत नाही म्हणून, तर ते एकीचं अपयश उरत नाही. नावं काढून तेवढी नोंद अधिकाऱ्यांपुढे ठेवता येते. एकटी शिक्षिका बोलली तर ती कुरकुर ठरते. वीस जणींच्या नोंदी टेबलावर आल्या की त्या वाचाव्या लागतात. ऑनलाइन कार्यक्रमाकडे हा लेखी साठा आपोआप जमतो, आणि बहुतेक ठिकाणी तो तसाच पडून राहतो.

जोडी किती दिवस चालावी? एका वर्षात बहुतेकांचं भागत नाही. दुसऱ्या वर्षी प्रश्न कमी होतात पण अवघड होतात. मेसेज विरळ झाले तर ते चांगलं लक्षण की वाईट, हे मजकुरावरून कळतं. 'सगळं ठीक' एवढंच येत असेल तर फोन करावा. आणि कधी असंही येतं:

'ताई, नवीन मुलगी आलीय. मधली सुट्टी सुरू झाली की खुर्चीवरून उठतच नाही. आठ दिवसांचा तक्ता जोडलाय. मला वाटतं लक्ष वेधून घ्यायला करतेय. बघाल का?'

ताई बघतात. अंदाज चुकलाय असं त्यांना वाटतं. त्या लिहितात, 'सहावी ओळ परत वाच. त्या दिवशी मैदान ओलं होतं ना?'